उपाशी वाकळ

उदगीरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसले तेव्हा पिशवीत भाकरी होत्या, लेकीनं चिठ्ठीवर लिहून दिलेला पत्ता होता आणि एक पावती होती. भाकरीची काळजी नव्हती. पावती मात्र गाडी सुटायच्या आत मी चार वेळा काढून बघितली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘एक जुनी गोधडी, प्रदर्शनासाठी, सहा महिन्यांकरिता.’ खाली पुण्याच्या संस्थेचा शिक्का आणि माझी सही. सहा महिन्यांचे अकरा झाले होते.

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. ही वाकळ माझ्या आईनं, गंगाबाईनं, शिवलेली. आमच्या घरात बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घालायच्या आधी ह्या वाकळीवर निजवतात. माझी दोन्ही लेकरं निजली. आता थोरल्या लेकीला मुलगा झाला, बारसं परवावर आलं, आणि वाकळ पुण्यात. संस्थेला फोन केला की “पाठवतो” म्हणायचे. शेवटी मीच म्हटलं, येते. मालक म्हणाले, “एकटी जाशील?” सातवीत शाळा सुटलेली बाई मी. लातूरच्या पलीकडं एकटी कधी गेले नव्हते. पण बारसं कुणासाठी थांबत नाही.

वाकळीच्या मधोमध एक पांढरा तुकडा आहे आणि त्याच्यावर खिसा. तो माझ्या शाळेच्या शर्टाचा. सातवीनंतर घरात कामाला हात कमी पडायला लागले आणि माझी शाळा बंद झाली. आईनं शर्ट उसवला आणि वाकळीला लावला. खिशावर पेन गळल्याचा निळा डाग होता. मी म्हटलं, “डाग तरी कापून टाक.” आई म्हणाली, “राहू दे. शाळेत गेली होतीस ह्याची तेवढीच खूण.”

रात्रभर गाडीत डोळा लागला नाही. हडपसर आलं तेव्हा उजाडलं होतं, आणि तिथून स्वारगेटपर्यंत गाडी इतकी हळू गेली की बाजूनं चालणारी माणसं पुढं निघून गेली. उतरले तर चारी बाजूंनी रिक्षावाले. मी पिशवी पोटाशी धरून एका पेपरवाल्याजवळ गेले.

“दादा, सदाशिव पेठ कुठं आली?”

“होती तिथंच आहे.” पेपर घडी करता करता ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी कुठून वळायचं, कुठला चौक सोडायचा, सगळं दोनदा समजावून सांगितलं. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. पुण्यात मदत अशीच मिळते, आधी टपली मग वाट. मी त्यांचे मनापासून आभार मानले. “आभार राहू द्या, उजवीकडे वळायला विसरू नका,” म्हणाले.

संस्था एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. पुढं विकायच्या वस्तूंची खोली, मागं कचेरी. संस्थेच्या माधवीताई मला ओळखीच्या होत्या. वर्षापूर्वी त्याच आमच्या गावी आल्या होत्या, आमच्या ओसरीवर बसून पिठलं-भाकरी खाल्ली होती आणि वाकळ घेऊन गेल्या होत्या. पन्नाशीच्या, हातमागाची साडी, बोलणं मोजकं.

“या. आपण बसा. प्रवास नीट झाला ना?”

मला खुर्ची दिली. इतक्या अदबीनं मला कुणी ‘आपण’ म्हटलेलं नव्हतं. त्या ‘आपण’खाली माझी अकरा महिन्यांची तक्रार दबून गेली. मग चहा आला, कानाच्या मोठ्या कपातून. अर्धा प्याले आणि कप फिरवला, तर त्याच्यावर माझा खिसा.

आधी डाग ओळखीचा वाटला. मग खिसा दिसला, मग बाजूचा आईच्या लुगड्याचा हिरवा काठ. सगळं कपावर छापलेलं. मान वर केली तर समोरच्या फळीवर तसल्याच कपांची रांग. उशीच्या अभ्र्यांवर खिसा. वहीच्या पुठ्ठ्यावर खिसा.

“छान आहे ना?” माधवीताई म्हणाल्या. “खूप चालतो हा कप.”

आणि मी म्हटलं, “छान आहे.”

आजही ते आठवलं की माझी मलाच चीड येते. खुर्ची आणि चहा एवढ्यावर मी मिंधी झाले. त्यांनी वाकळ एका कापडी पिशवीत घालून हातात दिली, मी ‘मिळाली’ म्हणून सही केली, वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले.

परतीच्या गाडीला संध्याकाळपर्यंत वेळ होता. बारशासाठी खारका-खोबरं घ्यावं म्हणून विचारत विचारत मंडईत गेले. मधोमध मनोऱ्याची दगडी इमारत, आत ओट्या-ओट्यांवर भाजीचे ढीग, आणि शेकडो माणसं एकाच वेळी बोलत असून कुणीच कुणाचं ऐकत नाही असा गलका. जीव जरा मोकळा झाला. गाभुळलेली चिंच दिसली तशी मूठभर घेतली आणि पायरीवर बसून खायला लागले. चिंचोके बाजूला टाकणार तोच चिंचवाल्या बाई म्हणाल्या, “बिया खाली टाकायच्या नाहीत. मंडई आहे ही, तुमचं रान नव्हे.”

मी गुपचूप चिंचोके पदराच्या टोकाला बांधले. मग एकदा बघावं म्हणून पिशवीतून वाकळ काढून मांडीवर घेतली.

तुकडे तेच. खिसा तोच, डाग तोच. एका कोपऱ्यात ठिणगी पडून जळल्याचं भोक होतं, तेही तिथंच. पण नाकाला काहीतरी खटकलं. आमच्या वाकळीला चुलीच्या धुराचा आणि ट्रंकेतल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास. हिला चहाचा वास येत होता. मी खिशाखाली हात घातला, दाबून बघितलं, दोन्ही हातांनी चाचपलं. पोट रिकामं.

वाकळ कडेकडेनं शिवत आत येतात. शेवटी मधे वीतभर जागा उरते. ती मिटवायच्या आधी आई तिथं पाच भाजलेले चिंचोके ठेवायची. ह्याला ती वाकळीचं पोट भरणं म्हणायची. चिंचोका म्हणजे दुष्काळातलं खाणं, धुण्यानं कुजत नाही, उंदीर त्याच्या वाटेला जात नाही. “उपाशी वाकळीत ऊब राहत नाही,” असं तिचं म्हणणं. लहानपणी झोप येईपर्यंत मी ते पाच खडे बोटांनी मोजत पडायची.

माझ्या मांडीवरची वाकळ आमची नव्हती. आणि ती मिळाल्याची सही मी करून बसले होते. मग राग आला, आणि तो इतका आला की संस्थेपर्यंत परत कुठल्या गल्लीनं गेले ते आता सांगता येणार नाही.

“ही माझी वाकळ नव्हे,” मी उभ्यानंच म्हटलं.

माधवीताईंनी चष्मा लावला. “अहो, असं कसं? आम्ही एक प्रतिकृती करून घेतली होती, ते खरं. खराडीच्या एका कंपनीला ऑफिसात लावायला हवी होती. पण ती तिकडे गेली. ही मूळ.”

“ही मूळ नाही. हिचं पोट रिकामं आहे.”

“मग समोर खानावळ आहे. आधी जेवून घ्या, मग बोलू.”

“माझं नाही. वाकळीचं.”

मी चिंचोक्यांचं सांगितलं. त्यांनी वाकळ टेबलावर पसरली, उलटी केली, सुलटी केली, खिशावरून बोट फिरवलं. आणि मला दिसलं की ह्या बाईला कळत नाहीये. नक्कल इतकी हुबेहूब करून घेतली की करून घेणाऱ्यांनाच खरी कोणती ते ओळखेना. दोन्ही वाकळींवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील, दुसरं काय! अकरा महिने माझ्या आईची वाकळ ह्यांच्याकडं होती. डागाचं चित्र ह्यांनी कपावर काढलं. पण एकदा कुणी ती अंगावर घेतली असती, तर पोट हाताला लागलं असतं.

“आणि तो कप?” मी म्हटलं. “त्यावर माझा खिसा कुणाला विचारून छापला?”

“हे पहा, ही लोककला आहे. लोककला सगळ्यांची असते.”

“मग शाळा का नव्हती सगळ्यांची?”

तोंडातून निघून गेलं. माधवीताईंनी पेन काढलं. एका कागदावर त्यांनी कंपनीचा पत्ता लिहिला, दुसऱ्यावर एक नाव आणि फोन नंबर. “प्रतिकृती ज्यांनी शिवली त्या सुनंदाबाई येरवड्याला राहतात. त्या सांगतील कोणती कुणाची. त्यांनी सांगितलं की मी कंपनीला फोन करते. पण तेवढं झाल्याशिवाय नाही.”

मंडईपासून जमिनीखालून मेट्रो जाते. सरकत्या जिन्यासमोर मी थबकले, तर मागच्या एका मुलीनं काही न विचारता हाताला धरून चढवलं आणि कोर्टाच्या स्टेशनवर गाडी बदलायची हेही सांगितलं. येरवड्याला उतरून वस्तीत शिरले तेव्हा सुनंदाबाईला काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. ‘दुसऱ्याच्या आईची वाकळ चोरताना तुझा हात कसा धजला?’ इथपासून सुरुवात करणार होते.

दार उघडं होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, खाली चिंध्यांची रंगवार लावलेली गाठोडी. सुनंदाबाई माझ्याच वयाच्या, अंगानं बारीक.

“जय भीम. माधवीताईंचा फोन आला होता. बसा.”

“जय भीम,” मी म्हटलं, आणि वाकळ त्यांच्या पुढ्यात टाकली. “ही कुणी शिवली?”

त्यांनी ती बघितलीही नाही, नुसती कड चिमटीत धरली. “ही मी शिवली. तुमची खराडीला आहे म्हणजे. अगं बाई! मी तेव्हाच म्हटलं होतं, दोन्ही एका टेबलावर ठेवू नका.”

जुळवलेलं भांडण असं पहिल्या वाक्यात संपलं तर माणसानं करायचं काय? मी खाली बसले. त्यांनी पाणी दिलं.

“तुमच्या आई डावखुऱ्या होत्या ना?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“टाक्यानं. त्यांचा टाका उलट्या अंगाला कलतो. मी उजव्या हाताची, मला तो साधेना. माधवीताई म्हणाल्या, असू दे, कोण बघतंय.” त्यांनी वाकळ फिरवून एक जागा दाखवली. “आणि इथं तुमच्या आईंना डुलकी लागली होती.”

“काहीतरीच!”

“बघा ना. टाके लांब लांब होत गेलेत आणि एकदम बारीक. कुणीतरी हाक मारली असणार. मला सांगितलं होतं, चुकासकट हुबेहूब पाहिजे. बाई, नीट शिवणं सोपं असतं हो. दुसऱ्याची झोप शिवायची म्हणजे जीव जातो. हे भोक उदबत्तीनं जाळलंय. डाग सात चिंध्यांवर करून बघितला तेव्हा आठवा जमला. मग सगळी चहात उकळली.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. माझी शाळा सुटली त्याचा डाग ह्या बाईला सात वेळा सराव करून काढावा लागला. हाक मारणारी बहुतेक मीच असणार. आणि आई डावखुरी होती हे जन्मभर बघूनही तिचा टाका उलटा पडतो हे मला कधी दिसलं नव्हतं. ते दिसलं येरवड्यातल्या एका परक्या बाईला.

“पोटातले चिंचोके लागले होते का हाताला?”

“लागले की! मी विचारलं, आत काहीतरी आहे, तसं घालू का? तर म्हणाल्या, बाहेरून दिसत नाही ते कशाला?” सुनंदाबाई उठल्या. “मला वाईट वाटलं होतं. चला, मी येते खराडीला. तुम्हाला एकटीला आत नाही घेणार ते.”

निघायच्या आधी त्यांनी वाटाण्याची उसळ आणि चपाती बळेच खाऊ घातली. माझ्या भाकरी त्यांनी ठेवून घेतल्या. ज्वारीची अशी भाकरी पुण्यात मिळत नाही म्हणाल्या. सुईदोरा त्यांच्या पर्समध्येच असतो.

खराडीला सगळ्या इमारती काचेच्या. एकीच्या काचेत दुसरी दिसते, त्यामुळं खरी कुठली हेच नवख्या माणसाला कळत नाही. फाटकावर वॉचमननं अडवलं. “कार्ड?” “आमच्याकडं कसलं कार्ड!” मी म्हटलं. सुनंदाबाई त्याला समजावायला लागल्या तेवढ्यात तो माझं बोलणं ऐकून म्हणाला, “मावशी, कुठल्या तुम्ही?”

“उदगीरची.”

“मी हिंगोलीचा. थांबा, सावलीत बसा.” त्यानं आत फोन लावला, आमची नावं लिहून घेतली आणि स्वतः दारापर्यंत सोडायला आला. त्याचे उपकार मी विसरायची नाही.

आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर आमची वाकळ. काचेच्या मागं, वर दिवा सोडलेला, आणि आडवी टांगलेली. खिशाचं तोंड बाजूला. हातात कॉफी घेतलेली मुलंमुली तिच्यासमोरून जात होती, एकाची मान वळत नव्हती. खाली पुठ्ठ्याची पाटी होती. मी ती हळूहळू वाचली: ‘मराठवाड्याची पारंपरिक गोधडी. कारागीर: अज्ञात.’

ऑफिसची व्यवस्था बघणारी प्राजक्ता म्हणून एक मुलगी आली. बोलायला गोड. “काकू, काहीतरी गैरसमज झालाय. आमच्याकडची रेप्लिका आहे. तसं सर्टिफिकेटच आहे ना आमच्याकडे!”

म्हणजे बघा. खोटी वाकळ खरी म्हणून मिळाल्याची सही माझी, आणि खरी वाकळ खोटी असल्याचा दाखला ह्यांचा. दोन्ही कागदांवर शिक्के.

सुनंदाबाईंनी माधवीताईंना फोन लावून प्राजक्ताच्या हातात दिला. दोघींचं बरंच इंग्रजीत चाललं. शेवटी दोन माणसं आली आणि चौकट खाली उतरवून काच काढली. धुराचा वास आला. अकरा महिन्यांनंतरही होता. मी खिशाखाली हात घातला. एक, दोन, तीन, चार, पाच.

“इकडं हात दे,” मी प्राजक्ताला म्हटलं. तिनं नखं रंगवलेली बोटं आत घातली, आणि तिचा चेहरा बदलला. “काकू, खरंच आहे की काहीतरी!”

“चिंचोके आहेत. माझ्या आईनं ठेवलेले. आणि तिचं नाव तुमच्या ह्या पाटीवर अज्ञात. त्या संस्थेच्या पावतीवर माझं नाव आहे, गाव आहे. एक फोन केला असता तर आईचंही कळलं असतं. ह्याला अज्ञात म्हणत नाहीत पोरी. विचारलं नाही, असं म्हणतात.”

आवाज चढला होता. कॉफीवाली मुलं आता थांबली होती.

सुनंदाबाईंनी तोवर आपली वाकळ चौकटीवर ठेवली आणि माझ्याकडं बघून खालच्या आवाजात म्हणाल्या, “हिला उपाशी टांगायची का?”

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं, टांगू देत. नक्कल ती नक्कल. पण तिच्या कडेवरचे ते लांबत गेलेले टाके दिसले, आईची झोप, दुसऱ्या बाईनं जीव लावून शिवलेली. मी पदराची गाठ सोडली. मंडईतले चिंचोके त्यात होतेच. भाजलेले नव्हते, पण भुकेला चालतात. सुनंदाबाईंनी खिशाखालची शिवण दोन बोटं उसवली, पाच चिंचोके आत सारले आणि पुन्हा मिटवली. तिथला टाका त्यांनी मुद्दाम डाव्या हातानं घातला. वाकडा आला.

“नवीन कार्ड प्रिंट करून लावते, काकू. नक्की,” प्राजक्ता म्हणाली.

“नक्की म्हणजे कधी?” सुनंदाबाईंनी विचारलं.

प्राजक्ता फोनमध्ये तारखा बघायला लागली. मी म्हटलं, “पेन दे.”

‘अज्ञात’वर काट मारली आणि खाली लिहिलं: ‘सुनंदा, येरवडा. गंगाबाईच्या वाकळीवरून.’ सातवीनंतर सह्या सोडून फारसं लिहिलेलं नाही, अक्षर मोठं झालं, ओळ वर चढली. कुणी अडवलं नाही. त्यांनी ती पाटी नंतर बदलली असेल कदाचित. मी बाहेर पडेपर्यंत तरी होती.

संध्याकाळच्या गाडीला सुनंदाबाई स्वारगेटपर्यंत आल्या. कपांचं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. माधवीताईंना स्टँडवरून फोन केला. “मीटिंगमध्ये विषय घेऊ,” म्हणाल्या. वाकळीची चूक त्यांनी कबूल केली, माफीही मागितली, आणि ती मी मनात ठेवली आहे. पण खिशाचा विषय संपलेला नाही. आईनं तिची पहिली वाकळ माझ्या मावशीची बघूनच शिवली होती. आमच्याकडं सगळ्या अशाच शिकतात. फक्त आधी म्हणायचं असतं, “तुझी वाकळ दे, चार दिवस बघते.” आणि पुढं जन्मभर सांगायचं असतं, ही अमकीच्या वाकळीवरून. तेवढंसुद्धा जमू नये?

बारसं वेळेवर झालं. नातवाला वाकळीवर निजवलं, बायकांनी गाणी म्हटली, आणि त्यानं सगळ्यांच्या देखत वाकळ ओली केली. नेमकी शाळेच्या खिशावर. लेक म्हणाली, “आई, धुऊन टाकते, डाग पडेल.”

मी म्हटलं, “पडू दे.” हा डागही कपावर हवा असेल, तर त्यांनी आधी आमच्या ओसरीवर यावं. पिठलं-भाकरी आम्ही घालू.